गाडी खाली बसली, पण बोलायला लागली: कॉइलओव्हरचा आवाज नेमका कुठून येतो?

फोक्सवॅगन पोलो चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनत होती. उत्पादन थांबलं, पण ज्यांच्या दारात ती उभी आहे ते तिला विकायला तयार नाहीत. उलट तिच्यावरचा खर्च वाढलाय. आधी अलॉय व्हील, मग चांगले टायर, मग इंजिनाचं ट्यूनिंग आणि एके दिवशी कॉइलओव्हर, म्हणजे गाडीची उंची बदलता येणारी स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी. गाडी दीड इंच खाली बसते, वळणावर झुकत नाही, फोटोत देखणी दिसते. आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरवर पुढच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज येतो: टक.

माझ्या गाडीत तो गॅरेजच्या फाटकापासून पन्नास पावलांवर आला. तसाच मागे फिरलो आणि विचारलं, तर उत्तर मिळालं, "साहेब, कॉइलओव्हर आहे. एवढा आवाज येणारच." पुढचे तीन रविवार मी त्या 'येणारच'च्या मागे घालवले. ते उत्तर निम्मं खरं होतं. कोणतं निम्मं, हे कळलं की यातले बहुतेक आवाज सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एक जॅक आणि एक मित्र हाताशी असला तरी सापडतात.

## कॉइलओव्हर म्हणजे काय?

गाडीच्या प्रत्येक चाकापाशी दोन वस्तू असतात. स्प्रिंग वजन पेलते. डॅम्पर, म्हणजे आपण ज्याला सर्रास शॉकअप म्हणतो तो, त्या स्प्रिंगला नाचत राहू देत नाही. झोपाळ्याला झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो, कुणी पाय जमिनीला घासला की थांबतो. स्प्रिंग म्हणजे झोपाळा आणि शॉकअप म्हणजे तो घासणारा पाय.

शॉकअपच्या नळीभोवतीच स्प्रिंग बसवली की झाला कॉइलओव्हर. तसं पाहिलं तर पोलो किंवा स्विफ्टच्या पुढच्या चाकांना कंपनीतूनच अशी जोडी येते. तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ती रूढ केली आणि आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या तिच्यावर चालतात. बाहेर मिळणाऱ्या किटचं वेगळेपण इतकंच की नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात. स्प्रिंग ज्या रिंगवर टेकते ती रिंग या आट्यांवर फिरवून वरखाली करता येते, आणि तिच्याखाली दुसरी रिंग आवळून ती जागेवर बसवता येते. रिंग खाली घेतली की गाडी खाली. शिवाय स्प्रिंग जास्त कडक असते आणि बऱ्याच किटमध्ये शॉकअप किती कडक हवा तेही एक खटका फिरवून ठरवता येतं.

## कंपनीची गाडी गप्प का असते?

मिक्सरच्या पायाखालची चारही रबरं काढून तो ओट्यावर ठेवा आणि चटणी वाटा. मोटर तीच, पाती तीच, पण शेजारी दार वाजवतील. मिक्सरमध्ये बिघाड झालेला नसतो. जे हादरे रबर मुकाट्याने गिळत होतं ते आता ग्रॅनाइटला थेट पोचतात.

कंपनीच्या स्ट्रटमध्ये रबर जिथे तिथे असतं. वर, जिथे स्ट्रट गाडीच्या सांगाड्याला जोडला जातो तिथे रबरात ओतलेला टॉप माउंट असतो. स्प्रिंगच्या टोकांखाली रबराची किंवा प्लॅस्टिकची बैठक असते. शॉकअप पूर्ण दबला तर धातूवर धातू आदळू नये म्हणून फोमचा एक ठोकळा असतो, त्याला बम्प स्टॉप म्हणतात. बाहेरच्या किटमध्ये यातली बरीच रबरं जातात. स्प्रिंग थेट ॲल्युमिनिअमच्या रिंगवर बसते. महागड्या किटमध्ये टॉप माउंटच्या रबराऐवजी लोखंडी गोळ्याचा सांधा असतो, त्याला पिलोबॉल म्हणतात. त्याने स्टिअरिंग नेमकं लागतं, पण खडीचा प्रत्येक दाणा कानाला कळतो.

म्हणजे गॅरेजवाल्याचं निम्मं बरोबर. रस्त्याचा घरघराट वाढणार, टायरचा आवाज आत येणार, शॉकअपमधलं तेल झडपांतून जाताना हलकं 'फुस्स' ऐकू येणार. हे सगळं मिक्सरच्या गेलेल्या रबरांच्या खात्यात.

पण 'टक' त्या खात्यात बसत नाही. धातू धातूला नीट आवळलेला असेल तर तो टक करत नाही. टक व्हायला मध्ये फट लागते. कॉइलओव्हरच्या बहुतेक त्रासदायक आवाजांमागे दोनच कारणं असतात: जे हलायला नको ते हलतंय, किंवा जे फिरायला हवं ते अडकलंय.

## 'कुठून येतोय' हा प्रश्न आधी विचारू नका

गाडीचा सांगाडा पोलादाचा, आणि पोलादातून आवाज हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने धावतो. डाव्या मागच्या कोपऱ्यातला ठोका तुमच्या पायाखाली उमटतो. आवाजाची जागा शोधताना कान सर्रास फसतात. तो केव्हा येतो हे मात्र कान नेमकं सांगतात, म्हणून तपास तिथून सुरू करायचा.

त्याच्याही आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, दिवाळीपासून पडून असलेला खोका, सगळं बाहेर. नंबर प्लेट हलवून पाहा. हे सांगायला हसू येतं, पण गाडी कडक झाली की आधी गप्प असलेला जॅकही बोलू लागतो, आणि त्यासाठी पुढच्या चाकांचे चांगले सुटे भाग बदललेले लोक मी पाहिलेत.

मग मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून पायी चालण्याच्या वेगात गाडी चालवा आणि चार गोष्टी टिपा. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर आवाज येतो की दोन्ही चाकं एकदम वर गेल्यावर? खड्ड्यात आदळताना येतो की चाक खाली लोंबताना? उभ्या गाडीत नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर येतो का? आणि डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ठेवला तर थांबतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर सस्पेंशनला हात लावू नका. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या चिमट्यात, खुळखुळतायत, त्यांच्या क्लिपा पाहा. (डाव्या पायाची सवय नसेल तर ही चाचणी रिकाम्या मैदानात करा. पहिल्यांदा सगळेच कचकन ब्रेक मारतात.)

## एकटं चाक खड्ड्यात, आणि टकटक

डावं आणि उजवं चाक जोडणारी एक वाकलेली सळई असते, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी झुकू नये हे तिचं काम. ती दोन्हीकडे बोटभर जाडीच्या लिंक रॉडने जोडलेली असते आणि त्या लिंकच्या टोकांना छोटे गोळ्याचे सांधे असतात.

दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर ही सळई पिळली जात नाही, सगळी एकत्र वर फिरते. एकच चाक वर गेलं तरच तिच्यावर ताण येतो. म्हणून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या ब्रेकरवर गाडी गप्प आणि एकट्या खड्ड्यावर टकटक, असं असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर.

आणि कॉइलओव्हरनंतर तो संशय बळावतो. गाडी खाली आली, पण लिंक रॉडची लांबी तीच राहिली. आता तो तिरका बसतो, सांधा त्याच्या मर्यादेच्या कडेला जातो आणि लवकर झिजतो. कधी कधी सळईच ड्राइव्ह शाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, किंवा सांगाड्याला टेकते. तिथला रंग घासलेला दिसतो. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक काढून बाजूला बांधा आणि सोसायटीच्या आवारात, फक्त आवारातच, एक चक्कर मारा. आवाज गेला तर चोर सापडला. एकाच बाजूचा लिंक काढून ही चाचणी करू नका, त्यातून काही सिद्ध होत नाही. उपाय म्हणजे उंचीच्या हिशोबाने आखूड किंवा लांबी बदलता येणारा लिंक. नुसता कंपनीचा नवा लिंक टाकला तर काही महिन्यांनी पुन्हा तीच टकटक.

माझ्या गाडीचा पहिला रविवार यातच गेला. लिंक काढले, आवाज तसाच. वाईट वाटलं, पण एक नाव यादीतून गेलं.

## बॉनेटखाली हात ठेवा

बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना स्ट्रटची टोकं दिसतात. काही गाड्यांत ती वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतात, ते काढावं लागतं. त्या टोकावरच्या नटाने शॉकअपचा दांडा टॉप माउंटला आवळलेला असतो. तळहात त्यावर ठेवा आणि मित्राला गाडीचा तो कोपरा जोरात दाबून सोडायला सांगा. नंतर स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा. सांध्यात फट असेल तर कानाच्या आधी तळहाताला कळते, ती बारीकशी ठेच अगदी स्पष्ट लागते.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा थांबायला हवं. शॉकअपचा दांडा स्वतःभोवती मोकळा फिरू शकतो. नट आवळताना त्याला धरून ठेवलं नाही तर नट आणि दांडा दोघं मिळून फिरतात. म्हणून दांड्याच्या टोकाला ॲलन की घालायला षट्कोनी खाच असते. घाईत मात्र हवेची गन लावली जाते. गन खडखडते, बघणाऱ्याला वाटतं की आता हलायचं नाव घेणार नाही, आणि नट अर्धवट आवळलेला राहतो. वर त्या फिरण्याने शॉकअपच्या आतला सीलही खराब होऊ शकतो. दांडा ॲलन कीने धरायचा आणि नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळायचं ते ठरवता येणाऱ्या पान्याने, किटच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याइतकाच आवळायचा, याला पर्याय नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. अनेक किटमध्ये वरचा माउंट मिळत नाही, कंपनीचाच वापरावा लागतो. त्याचं भोक कंपनीच्या दांड्याच्या मापाचं असतं आणि किटचा दांडा बारीक असू शकतो. तो फरक भरून काढायला एक छोटी धातूची बाही किंवा वॉशर दिलेली असते. ती घातली नाही तरी नट पूर्ण आवळला जातो, टॉर्क पानाही 'कट' असा आवाज करून समाधान देतो. पण नट दांड्याच्या खांद्यावर टेकलेला असतो, माउंटवर नाही. माउंट मध्ये सैलच राहतो. खुर्चीचा स्क्रू शेवटपर्यंत गेला तरी पाय हलतोच, कारण स्क्रू लांब आणि लाकूड पातळ. तसंच हे.

तिसऱ्या रविवारी माझ्या तळहाताला ती ठेच लागली. किटचा रिकामा खोका माळ्यावरून काढला. तळाशी प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन बाह्या, तेलाच्या पातळ थरासकट, न उघडलेल्या. काम दोन तासांचं निघालं. आधीच्या रविवारी मी चांगले असलेले लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातली रबरं, बदलून घेतले होते, त्याचा हिशोब इथे नको.

पिलोबॉलचा माउंट असेल तर आणखी एक शक्यता: गोळा आणि त्याची वाटी यांच्यात पावसाचं पाणी आणि धूळ जाऊन झीज होणं. कोरड्या ट्रॅकवर शनिवार-रविवार चालणाऱ्या गाडीसाठी बनवलेला सांधा आपण चार महिने चिखलात चालवतो. केसाएवढी फट पडली की तो वाजू लागतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. रोजच्या वापरातल्या गाडीला रबरी टॉप माउंटच घ्यावा, हे माझं ठाम मत. वळणावरची धार थोडी कमी होते आणि घरचे गाडीत बसतात.

## उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं आणि 'टण्ण'

हा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो, पण कारण साधं असतं. पुढचं चाक वळलं की स्ट्रटची नळी आणि तिच्यावरची स्प्रिंगही वळते. वरचं टोक मात्र सांगाड्याशी जोडलेलं. मध्ये फिरायला बेअरिंग हवं. ते जाम असेल, उलटं बसलं असेल किंवा लावलंच नसेल तर स्प्रिंग रबरबँडसारखी पिळत जाते आणि एका क्षणी सटकते. तो टण्ण.

तपासायला स्प्रिंगवर आणि वरच्या-खालच्या बैठकीवर पांढऱ्या मार्करने सरळ एक रेघ ओढा. मित्राला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि रेघेकडे बघा, हात स्प्रिंगपासून लांब. रेघ सगळीकडे सारखी सरकली तर ठीक. स्प्रिंग मागे राहून मग उडी मारत असेल तर अडचण वरच्या बेअरिंगमध्ये किंवा बैठकीत. बेअरिंग बदलणं, स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेत नीट बसवणं, दोन सपाट भागांमध्ये नायलॉनची चकती घालणं, यांपैकी काहीतरी लागू पडतं.

## ब्रेकर उतरताना खळ्ळ: थोडं गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल पाठीचा स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने सुखाने जाते. आपल्या सोसायटीच्या तोंडाशी असलेला ब्रेकर मात्र स्लॅब टाकून उरलेलं काँक्रीट संपवायला केलेला असतो. अरुंद आणि उंच. त्यावरून उतरताना चाक क्षणभर हवेत लोंबतं, आणि नेमकं तेव्हा 'खळ्ळ' किंवा 'टप्प' होतं.

एका पुढच्या चाकावर ३०० किलो वजन धरू. कंपनीची स्प्रिंग दर मिलिमीटरला २ किलो पेलणारी असेल तर त्या वजनाखाली ती १५० मिलिमीटर दबते. किटची स्प्रिंग दर मिलिमीटरला ६ किलोची असेल तर फक्त ५० मिलिमीटर. म्हणजे कडक स्प्रिंगला मोकळी व्हायला फार अंतर लागतच नाही. आता गाडी आणखी खाली हवी म्हणून तुम्ही स्प्रिंग टेकते ती रिंग २५ मिलिमीटर उतरवली. चाक लोंबलं की शॉकअप पूर्ण ताणला जातो, स्प्रिंग आपल्या पूर्ण लांबीला पोचते, आणि तरी वर फट उरते. पेटीत पेटीपेक्षा आखूड वस्तू ठेवल्यासारखी ती आत खुळखुळते. चाक परत जमिनीवर आलं की बैठकीवर आदळते.

गाडी जॅकवर घ्या, चाक लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. खुळखुळली किंवा वरखाली झाली तर निदान झालं. जॅकवर गाडी असताना खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, हे दर वेळी सांगावंच लागतं.

उपाय दोन. ज्या किटमध्ये नळीचा खालचा तुकडाही आट्यावर फिरतो, तिथे स्प्रिंगला हात न लावता खालून उंची कमी करता येते. स्प्रिंग आपल्या दोन बैठकांमध्ये हलकीशी दाबलेलीच राहते. या आगाऊ दाबाला प्रीलोड म्हणतात. ज्यात ही सोय नाही, तिथे मुख्य स्प्रिंगवर एक नाजूक, चपटी मदतनीस स्प्रिंग टाकतात. ती वजन पेलत नाही, फक्त फट भरते. प्रीलोडने स्प्रिंग कडक होते असा एक लाडका समज आहे. साध्या, सारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगला तो लागू नाही. ६ किलोची स्प्रिंग आधी दाबून ठेवली तरी पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ६ किलोच मागते, फक्त तिची सुरुवात बदलते.

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रश्न कमी भेडसावतो, कारण तिथे असं किट बसवलं की गाडी तपासून घ्यावी लागते. किटच्या कागदपत्रांत उंची कुठपासून कुठपर्यंत बदलता येईल ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, आणि चाक लोंबल्यावर स्प्रिंग सैल राहता कामा नये हेही पाहिलं जातं. आपल्याकडे तो कागद खोक्यातच राहतो. माझ्या बाह्यांसारखा.

## करकर आणि धप्प

जुन्या दारासारखी करकर, सकाळी जास्त, पाऊस पडल्यावर गायब: हे रबर आहे. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, ते फक्त पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना त्याचा बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. आधी कुरकुरतं, मग फाटतं. बोल्ट सैल करून, चाकांवर वजन असताना पुन्हा आवळला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. करकर थांबावी म्हणून खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी रीत आहे. दोन दिवस शांतता मिळते आणि रबर फुगून कुजतं. मारायचंच तर सिलिकॉनचा स्प्रे मारा.

मोठ्या खड्ड्यात जड 'धप्प' म्हणजे शॉकअप तळाला लागला. दांड्यावर वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी आवळा आणि दोन दिवस चालवा. पट्टी जिथे सरकून थांबली तिथपर्यंत दांडा आत गेला होता. ती बम्प स्टॉपमध्ये रुतलेली सापडली तर गाडी फार खाली आहे. एक सेंटिमीटर वर घ्या, अहंकारासकट.

आणि मागची बाजू. पोलोसारख्या गाड्यांत मागे एक आडवा बीम असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणजे किटच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, मागे कॉइलओव्हर नसतोच, फक्त उंची बदलायची एक चकती स्प्रिंगखाली येते. तिथला खडखडाट बहुधा स्प्रिंगच्या टोकाचं जुनं रबर परत न घातल्याचा किंवा स्प्रिंग खाचेत नीट न बसल्याचा असतो.

## "सगळंच एकदा कचकचून आवळलं तर?"

हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. ॲल्युमिनिअमच्या रिंगा जास्त आवळल्या की आटे जातात आणि पुढच्या वेळी उंची बदलता येत नाही. सांगाड्याचे काही बोल्ट एकदाच ताणायचे असतात, सोडवले की नवे घालायचे. बुशचं काय होतं ते वर आलंच. आणि सगळं एकदम केलं तर आवाज गेला तरी कशाने गेला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल, मग चक्कर, मग पुढचा.

अर्थात, बसवल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर नट-बोल्ट आणि रिंगा एकदा तपासायलाच हव्यात. स्प्रिंग बसते, रंगाचा थर दबतो. प्रत्येक नटावर मार्करची रेघ ओढून ठेवली तर पुढे नुसत्या नजरेने कळतं की कोण हललं. उंची बदलली की व्हील अलाइनमेंटही पुन्हा करायची, नाहीतर आवाज गेलेला असतो आणि टायर आतून खाल्ला जात असतो.

## "मी तर नावाजलेलं किट घेतलंय"

मग शॉकअपच आतून वाजत असण्याची शक्यता कमी, एवढंच. ती नसतेच असं नाही. नळीवर तेलाचा ओघळ दिसला, किंवा दांडा दिशा बदलताना हाताला मोकळा झटका लागला, तर वॉरंटीचा कागद शोधा. पण आवाजाची जी कारणं वर आली त्यांतली बरीच बसवण्याशी निगडित आहेत, बनवण्याशी नाहीत. उत्तम शिवलेला सदरा चुकीच्या काजात बटण लावून घातला तर शिंप्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

## "नुसता आवाज तर आहे, चालवली तर काय होतं?"

फुस्स, घरघर, खडीचा आवाज: खुशाल चालवा. स्प्रिंग सैल असल्याचा 'खळ्ळ' काही दिवस चालेल, पण ती बैठकीतून सरकू शकते, म्हणून महामार्गावर नेऊ नका. रोज वाढत जाणारी टक, किंवा टकसोबत स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा आला तर गाडी तिथेच उभी करा. स्ट्रट चाक ज्यावर बसतं त्या भागाशी, म्हणजे नकलशी, ज्या बोल्टने आवळलेला असतो तो सैल झाला तर चाकाचा कोन चालत्या गाडीत बदलतो. हा आवाज सवयीचा होऊ द्यायचा नसतो.

आरटीओचा मुद्दाही निघतोच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. अपघातानंतर विमा कंपनी गाडीखाली डोकावते, हेही किट मागवण्याआधी लक्षात घ्या. उंची कमी करून स्प्रिंग सैल सोडलेली गाडी त्या डोकावण्यात टिकत नाही.

## गॅरेजमध्ये गेल्यावर

"पुढून आवाज येतो" एवढं सांगितलं की मेकॅनिक एक चक्कर मारणार, त्याला तो ऐकू येणार नाही, आणि तुम्हाला 'येणारच' ऐकावं लागणार. जॉब कार्डवर असं लिहून घ्या: "पायी चालण्याच्या वेगात, स्टिअरिंग सरळ, दोन्ही चाकं ब्रेकरवर एकदम चढताना एकच टक. ब्रेक दाबला तरी येतो. लिंक रॉड काढून पाहिले, फरक नाही. डाव्या टॉप नटावर हात ठेवला की ठेच लागते." माझ्या गाडीसाठी मी हेच लिहून दिलं. मेकॅनिकने वाचलं, बॉनेट उघडलं, आणि गन बाजूला ठेवून ॲलन की मागवली.